खटला लढवण्याची किंमत

अमेरिकेत एखाद्यावर गंभीर गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला, की ज्युरीसमोर खटला चालवून घेण्याचा हक्क त्याला राज्यघटनेनेच दिलेला आहे. मूळ घटनेत तो आहे, १७९१च्या सहाव्या घटनादुरुस्तीत पुन्हा आहे. सामान्य नागरिकांची ज्युरी बसते, सरकारी वकील पुरावे मांडतो, आरोपीचा वकील साक्षीदारांची उलटतपासणी घेतो, आणि रास्त शंकेला जागा उरली तर आरोपी सुटतो. मालिका-सिनेमांमुळे हे चित्र आपल्या इतकं ओळखीचं झालं आहे, की तिथल्या कोर्टात रोज हेच चालत असणार असं वाटतं. प्रत्यक्षात असे खटले आता क्वचितच उभे राहतात. २०१८ या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या केंद्रीय म्हणजे फेडरल न्यायालयांत सुमारे ८० हजार आरोपींची प्रकरणं निकाली निघाली. त्यातल्या ९० टक्के लोकांनी गुन्हा कबूल केला, ८ टक्क्यांची प्रकरणं रद्द झाली, आणि खटल्याला उभे राहिले जेमतेम २ टक्के. खटला लढून निर्दोष सुटलेल्यांची संख्या होती ३२०.

इतके लोक कबुली का देतात? बऱ्याच जणांनी गुन्हा केलेला असतो आणि पुरावाही भक्कम असतो, हे खरंच आहे. पण तेवढ्याने हा आकडा उलगडत नाही. सरकारी वकील आरोपीपुढे प्रस्ताव ठेवतो: आत्ता कबूल केलंस तर इतकी शिक्षा, खटला लढवून हरलास तर याच्या कितीतरी पट. या सौद्याला प्ली बार्गेन म्हणतात. तो नाकारून खटला लढवणाऱ्याच्या वाट्याला जी जादा शिक्षा येते, ती ट्रायल पेनल्टी. गुन्हा तोच असतो, माणूस तोच, पुरावाही तोच. फरक एवढाच, की त्याने घटनेने दिलेला हक्क वापरलेला असतो.

हे सगळं किती उघडपणे चालतं, ते पॉल लुईस हेज या माणसाच्या प्रकरणात दिसतं. केंटकी राज्यातल्या फेएट काउंटीत १९७३ साली त्याच्यावर खोटा चेक वटवल्याचा आरोप होता. चेकची रक्कम होती ८८ डॉलर ३० सेंट. या गुन्ह्याला २ ते १० वर्षांची शिक्षा होती. सरकारी वकिलाने हेज आणि त्याच्या वकिलाला बोलावून सांगितलं, की कबुली दिलीस तर मी ५ वर्षांची शिफारस करतो. कबुली देऊन कोर्टाचा खटल्याचा त्रास वाचवला नाहीस, तर मात्र मी पुन्हा ग्रँड ज्युरीकडे जाईन आणि तुझ्यावर सराईत गुन्हेगाराचं कलम लावून घेईन. आरोप निश्चित करायचे की नाहीत हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ म्हणजे ग्रँड ज्युरी. हेजच्या नावावर आधीचे दोन गुन्हे होते, त्यातला एक तो १७ वर्षांचा असतानाचा. केंटकीच्या तेव्हाच्या कायद्यानुसार तिसऱ्या गंभीर गुन्ह्याला सक्तीची जन्मठेप होती.

हेजने नकार दिला. सरकारी वकिलाने शब्द खरा केला, नवं कलम लावलं. ज्युरीने हेजला दोषी ठरवलं आणि त्याला जन्मठेप झाली. ८८ डॉलरच्या चेकसाठी.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ साली ५ विरुद्ध ४ मतांनी शिक्षा कायम झाली. बहुमताचं म्हणणं असं, की देवाणघेवाणीत जोवर आरोपी प्रस्ताव घ्यायला किंवा नाकारायला मोकळा आहे, तोवर हक्क वापरल्याची शिक्षा दिली असं म्हणता येत नाही. न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी वेगळं मत लिहिलं, आणि मला त्यांचाच मुद्दा पटतो. हेजच्या गुन्ह्याला किती शिक्षा रास्त आहे हे सरकारी वकिलाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं: ५ वर्षं. जनतेच्या सुरक्षेसाठी त्याला जन्मभर कोंडणं गरजेचं आहे असं त्याला वाटत असतं, तर त्याने ते कलम पहिल्या दिवशीच लावलं असतं. मग ५ वर्षं आणि जन्मठेप यांच्यातलं जे अंतर आहे, ती शिक्षा कशाची? चेकची तर नाहीच. खटला मागितल्याची आहे. हा निकाल आजही कायम आहे आणि अमेरिकेतल्या सरकारी वकिलांच्या हातातलं सगळ्यात मोठं बळ त्यातून येतं.

याच न्यायालयाने हेजच्या निकालाआधी दहाच वर्षं उलट दिशेने पाऊल टाकलं होतं, हे विशेष. अपहरणाच्या केंद्रीय कायद्यात तेव्हा फाशीची शिफारस फक्त ज्युरी करू शकायची. म्हणजे कबुली दिली तर फाशी टळणार, ज्युरी मागितली तर फाशीची टांगती तलवार. १९६८ साली न्यायालयाने ही तरतूद रद्द केली. हक्क वापरण्यावर अशी किंमत लावता येणार नाही, असं बजावलं. पुढे १९७० साली रॉबर्ट ब्रेडी नावाच्या कैद्याने म्हटलं, की मीही याच कायद्याखाली फाशीच्या भीतीने कबुली दिली होती, तेव्हा ती रद्द करा. न्यायालयाने नकार दिला. वकिलाच्या सल्ल्याने, समजून-उमजून दिलेली कबुली भीतीपोटी दिली असली तरी ती स्वेच्छेचीच, असा निर्वाळा मिळाला. कायद्यातली धमकी घटनाबाह्य, पण त्या धमकीपुढे झुकून दिलेली कबुली चालते! आठ वर्षांनी आलेल्या हेजच्या निकालाची वाट इथेच मोकळी झाली.

आता या व्यवस्थेची बाजू घेणारे म्हणतात, की याला दंड म्हणूच नका, ही सवलत आहे. खटल्यानंतर मिळते ती खरी शिक्षा, आणि कबुली देणाऱ्याला त्यातून सूट मिळते. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, म्हणून तो नीट तपासायला हवा. फेडरल न्यायालयांत १९८७पासून शिक्षेचा एक तक्ता वापरला जातो. गुन्ह्याची पातळी आणि आरोपीचा पूर्वेतिहास यांवरून किती महिन्यांची शिक्षा द्यावी हे त्यात दिलेलं असतं. २००५पासून तो न्यायाधीशांवर बंधनकारक नाही, पण हिशेबाची सुरुवात अजून तिथूनच होते. गुन्ह्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्याची पातळी या तक्त्यात जास्तीत जास्त ३ अंकांनी खाली येते. पातळी ३० असेल आणि आधीचा गुन्हा नसेल, तर शिक्षा ९७ ते १२१ महिने. पातळी २७ झाली, की ७० ते ८७ महिने. म्हणजे कमीत कमी आठ वर्षांच्या जागी सहा वर्षांच्या आसपास. एवढ्यावर थांबलं असतं तर मी फारशी तक्रार केली नसती. चूक मान्य करणाऱ्याला, पीडितांना साक्षीच्या पिंजऱ्यातला ताप वाचवणाऱ्याला थोडी सूट मिळावी हे बहुतेकांना पटेल. शिवाय ही सूट छापील आहे, सगळ्यांना आधीच माहीत आहे.

पण प्रत्यक्षातलं अंतर या सुटीपेक्षा फार मोठं आहे. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०१३ साली फेडरल न्यायालयांतल्या अमली पदार्थांच्या प्रकरणांचा अहवाल काढला. २०१२ साली कबुली देणाऱ्यांना सरासरी ५ वर्षं ४ महिने शिक्षा झाली होती, आणि खटला लढवून हरलेल्यांना १६ वर्षं. तिप्पट. हा सगळा फरक केवळ खटला लढवल्यामुळे पडला, असं मात्र म्हणता येणार नाही. काही आरोपी पोलिसांना इतरांची माहिती देऊन शिक्षा कमी करून घेतात, आणि लढायला उभे राहिलेल्यांवरचे आरोप कधी कधी मुळातच जास्त गंभीर असतात. तरीही ३ अंकांची सूट या तिपटीचा थोडाच भाग समजावू शकते. उरलेलं अंतर येतं ते सरकारी वकिलाच्या हातातल्या कलमांमधून.

इथे ‘किमान सक्तीची शिक्षा’ हा प्रकार समजून घ्यावा लागतो. काही गुन्ह्यांना संसदेने खालची मर्यादा बांधून दिली आहे. त्याखाली न्यायाधीशाला सहसा जाताच येत नाही, आरोपीची परिस्थिती काहीही असो. कलम लावायचं की नाही हे सरकारी वकील ठरवतो. एकदा ते लागलं आणि गुन्हा सिद्ध झाला, की शिक्षाही तिथेच ठरली. न्यायाधीशाच्या हातात उरते ती सही. अमली पदार्थांच्या कायद्यात तर आणखी एक साधन आहे. आरोपीला पूर्वी अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर सरकारी वकील कोर्टात तसा एक कागद दाखल करतो. २०१८पर्यंत त्या एका कागदाने १० वर्षांची किमान शिक्षा २० वर्षं व्हायची, आणि पूर्वीचे असे दोन गुन्हे असतील तर थेट जन्मठेप. कागद दाखल करणं सक्तीचं नव्हतं. कबुली दिली तर तो खणातच राहायचा, खटला मागितला तर बाहेर यायचा. ब्रुकलिनचे फेडरल न्यायाधीश जॉन ग्लीसन यांनी २०१३च्या एका निकालपत्रात याच वापरावर कडक शब्दांत टीका केली: हे कागद कबुली काढण्यासाठी आणि न देणाऱ्याला अद्दल घडवण्यासाठी वापरले जात आहेत. ते स्वतः पूर्वी सरकारी वकील होते, आतलं काम पाहिलेला माणूस. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे या कामाचं सूत्र आहे, आणि नाक दाबायचं साधन कायद्यानेच हातात दिलेलं आहे.

आता सवलतीच्या युक्तिवादाकडे परत येऊ. सूट म्हणायची तर मूळ किंमत ठरलेली हवी. विकणाऱ्यालाच हवी तशी मूळ किंमत चढवता येत असेल, तर पाटीवरच्या ‘७० टक्के सूट’ला काही अर्थ उरत नाही. जन्मठेपेच्या मानाने ५ वर्षं ही मोठी सूट दिसते, पण ती जन्मठेप मुळात समोर आणून ठेवली होती ती ५ वर्षं सुसह्य वाटावीत म्हणून.

वेल्डन अँजेलोसच्या प्रकरणात तर शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशालाच हे सहन झालं नव्हतं. यूटा राज्यात २००२ साली त्याने पोलिसांच्या खबऱ्याला तीनदा गांजा विकला होता. त्याच्याजवळ पिस्तूल असल्याचं सरकारचं म्हणणं होतं. ते त्याने कुणावर रोखल्याचा आरोप नव्हता. सरकारी वकिलांचा प्रस्ताव होता १५ वर्षांचा. तो नाकारल्यावर सुधारित आरोपपत्र आलं आणि अमली पदार्थांच्या व्यवहारात शस्त्र बाळगण्याची कलमं वाढली. या कलमाचं गणित असं होतं, की पहिल्या वेळेला किमान ५ वर्षं, पुढच्या प्रत्येक वेळेला किमान २५, आणि सगळ्या शिक्षा एकामागून एक भोगायच्या. एकाच खटल्यातल्या घटनाही यात पहिली, दुसरी, तिसरी अशा मोजल्या जायच्या. ज्युरीने शस्त्राच्या तीन आरोपांत दोषी ठरवलं: ५ अधिक २५ अधिक २५, एकूण ५५ वर्षं. अँजेलोस तेव्हा पंचविशीच्या आतला होता.

न्यायाधीश होते पॉल कॅसल. गुन्हेगारांविषयी हळवे म्हणून ते ओळखले जात नव्हते. २००४ साली शिक्षा सुनावताना त्यांनी लिहिलं, की ही शिक्षा अन्यायकारक, क्रूर आणि तर्कालाही सोडून आहे, पण कायद्यापुढे आपला इलाज नाही. हातात होतं तेवढं त्यांनी केलं: बाकीच्या सगळ्या आरोपांना मिळून त्यांनी एक दिवसाची शिक्षा दिली. ५५ वर्षं आणि एक दिवस. त्याच दिवशी त्यांनी एका वृद्ध स्त्रीचा जीव घेणाऱ्याला सुमारे २२ वर्षांची शिक्षा दिली होती. पुढे कॅसल यांनी स्वतः अँजेलोसच्या सुटकेसाठी प्रयत्न केले. २०१६ साली तो सुटला, २०२० साली त्याला राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. इतकं नशीब सगळ्यांचं नसतं.

आतापर्यंतची उदाहरणं ज्युरीने दोषी ठरवलेल्यांची आहेत. मला जास्त काळजी वाटते ती न केलेला गुन्हा कबूल करणाऱ्यांची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, की निर्दोष माणूस कशाला कबुली देईल? एक हिशेब मांडून पाहा. समजा पुरावा कच्चा आहे, दोषी ठरण्याची शक्यता तीस टक्केच आहे, पण ठरलात तर २० वर्षं. समोर २ वर्षांचा प्रस्ताव आहे आणि उत्तर आज संध्याकाळपर्यंत हवं आहे. जामिनाचे पैसे नसल्यामुळे चार महिने आतच आहात, घरी लहान मुलं आहेत. आपण निर्दोष आहोत हे तुम्हाला माहीत आहे, पण ज्युरीला ते दिसेलच याची खात्री कोण देणार? आणि यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी, की पुरावा जितका कच्चा, तितका सरकारी वकील प्रस्ताव गोड करत नेतो, कारण खटला हरण्याची भीती त्यालाही असते. म्हणजे सगळ्यात मोहात पाडणारे प्रस्ताव नेमके अशा लोकांपुढे येतात, ज्यांचा खटला चालायलाच हवा होता.

ब्रायन बँक्स याचं असंच झालं. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचमध्ये २००२ साली, १६ वर्षांचा असताना त्याच्यावर बलात्काराचा आरोप झाला. अमेरिकन फुटबॉलमध्ये पुढे जाण्याची चिन्हं असलेला मुलगा. खटला प्रौढ म्हणून चालणार होता, आणि हरला असता तर ४१ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. वकिलाच्या सल्ल्याने त्याने आरोपाला विरोध न करण्याचं मान्य केलं आणि पाच वर्षं तुरुंगात काढली. नंतर आरोप करणाऱ्या मुलीने असं काही घडलंच नव्हतं असं सांगितलं, आणि २०१२ साली न्यायालयाने शिक्षा पुसून टाकली. ती मुलगी बोलली नसती तर तो आजही कागदोपत्री गुन्हेगारच राहिला असता. कबुली दिली, की अपिलाच्या बहुतेक वाटा बंद होतात. बरेचदा अपील न करण्याची अटही सौद्यातच असते.

निर्दोष लोकांपलीकडेही या पद्धतीचं नुकसान पोचतं. झडती कायदेशीर होती का, खबऱ्याला बोलण्याचे पैसे मिळाले होते का, ओळख परेड नीट झाली का, हे सगळं तपासलं जातं ते उलटतपासणीत. खटलाच झाला नाही, तर हे प्रश्न कुणी विचारतच नाही. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने असंही ठरवलं, की साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला धक्का देणारी माहिती कबुलीच्या सौद्याआधी आरोपीला देण्याचं घटनात्मक बंधन सरकारवर नाही. म्हणजे समोरच्याच्या हातात काय आहे हे न कळताच आरोपीने आयुष्याचा निर्णय घ्यायचा.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा सोयीचा आहे. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी १९७१च्या निकालातच म्हटलं होतं, की प्रत्येक आरोपाचा पूर्ण खटला चालवायचा तर न्यायाधीश आणि न्यायालयं कितीतरी पटींनी वाढवावी लागतील. हे अंकगणित नाकारता येत नाही. मात्र १९७५ साली अलास्का राज्याच्या अॅटर्नी जनरलने राज्यभर प्ली बार्गेनिंगवर बंदी घातली, तेव्हा न्यायालयं कोलमडली नाहीत. बरेच आरोपी सौद्याशिवायही कबुली देत राहिले, आणि सरकारी वकील कच्ची प्रकरणं सुरुवातीलाच गाळू लागले. पुढे ती बंदी हळूहळू सैल पडली. पण ‘दुसरा इलाजच नाही’ हे म्हणणं अलास्काच्या अनुभवापुढे टिकत नाही. इंग्लंडमध्येही कबुलीला सूट आहेच, पण तिला वरची मर्यादा आहे: अगदी सुरुवातीला कबुली दिली तर जास्तीत जास्त एक तृतीयांश, उशीर होईल तशी कमी, खटल्याच्या पहिल्या दिवशी दिली तर एक दशांश. ९ वर्षांची ६ होऊ शकतात. जन्मठेपेची ५ वर्षं करणारी तफावत तिथल्या सुटीतून निघत नाही.

अमेरिकेत थोडी हालचाल झाली आहे. २०१८च्या फर्स्ट स्टेप कायद्याने अमली पदार्थांच्या प्रकरणातल्या त्या कागदाची धार कमी केली. २० वर्षांच्या जागी १५, जन्मठेपेच्या जागी २५ वर्षं. शस्त्राच्या कलमातली २५ वर्षांची भर आता आधीच्या वेगळ्या खटल्यात शिक्षा कायम झालेली असेल तरच पडते, त्यामुळे अँजेलोससारखी बेरीज आज होणार नाही. पण हे बदल आधी शिक्षा झालेल्यांना आपोआप लागू झाले नाहीत, आणि किमान शिक्षांचा मूळ सांगाडा तसाच आहे. २०१२च्या दोन निकालांत सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट स्वच्छ मान्य केली, की आजची फौजदारी व्यवस्था खटल्यांची राहिलेली नाही, कबुल्यांची झाली आहे. म्हणून सौद्याच्या वेळीही आरोपीला सक्षम वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यातल्या एका प्रकरणात वकिलाच्या चुकीच्या सल्ल्यावरून आरोपीने ५१ ते ८५ महिन्यांचा प्रस्ताव नाकारला होता, आणि खटल्यानंतर त्याला १८५ ते ३६० महिने झाले. न्यायालयाने वकिलाची चूक पकडली. पण त्या दोन आकड्यांमध्ये एवढं अंतर का असावं, हा प्रश्न त्यांच्यासमोर नव्हता आणि त्यांनी तो काढलाही नाही.

तो प्रश्न विचारला जावा असं वाटत असेल, तर दोन गोष्टी लागतील. पहिली, सरकारी वकिलाने दिलेला प्रस्ताव लेखी हवा आणि खटल्यानंतर शिक्षा ठरवताना न्यायाधीशासमोर यायला हवा. फेडरल न्यायालयांत न्यायाधीशाला सौद्याच्या बोलण्यांत भाग घ्यायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण निकाल लागल्यावर प्रस्ताव पाहायला हरकत नसावी. महिन्याभरापूर्वी ज्याच्यासाठी ५ वर्षं पुरेशी वाटत होती, त्याच्यासाठी आज २० मागताना सरकारी वकिलाला उघड न्यायालयात कारण द्यावं लागेल. कारण खरंही असू शकेल. खटल्यात नवं काही बाहेर आलं असेल, आरोपीने शपथेवर खोटं सांगितलं असेल. आणि दुसरी गोष्ट, ते कारण पटलं नाही तर कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायाधीशाला हवी. किमान शिक्षेने हात बांधलेल्या न्यायाधीशाला तो लेखी प्रस्ताव कितीही स्पष्ट दिसला तरी तो काही करू शकत नाही. ते बांधलेले हात सोडणं फक्त संसदेच्या आणि राज्यांच्या विधिमंडळांच्या हाती आहे.